चैत्रातलं पाणी

मी कविता लिहितो. त्यामुळे फाल्गुन लागला की कुठल्या ना कुठल्या कविसंमेलनाचं बोलावणं येतं आणि संयोजक हमखास सांगतात, "वसंतावर काहीतरी म्हणा." मी म्हणतोही. पण खरं सांगायचं तर आमच्या घरात 'वसंत' हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. थंडी सरली की आमच्याकडे थेट 'उन्हाळी' सुरू व्हायची. उन्हाळी गवार, उन्हाळी काकडी, उन्हाळी कांदा. आंबा मोहरायचा, पळस फुलायचा, कोकीळ ओरडायचा. आणि आम्ही सगळे विहिरीत वाकून पाणी किती राहिलं ते बघत असायचो.

आम्ही बागवान. मूळ फारसी शब्द 'बागबान', म्हणजे बागेची राखण करणारा. आमची बाग म्हणजे सव्वा एकराचा भाजीपाल्याचा मळा, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, येरळेच्या काठापासून जरा वर. येरळा नावाला नदी. होळीपर्यंत तिच्यात वाळूच उरायची. मळ्याला आधार एका विहिरीचा आणि तीही सामाईक. आठ आणे हिस्सा आमचा, आठ आणे शेजारच्या तात्यांचा. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं.

या दिवसांत मळा पहाटे साडेचारला जागा व्हायचा. ऊन चढायच्या आत तोडा उरकायचा असे. काकडी दिवसाआड तोडावी लागते. एखादी नजरेआड राहून वेलावरच जून झाली, की तो वेल पुढं फळ धरायला कुचराई करतो. गवारीचा तोडा अम्मा आणि बहिणींकडे. तिची लव हाताला लागली की दुपारपर्यंत खाज जात नसे. कोथिंबिरीला चैत्राचं ऊन सोसत नाही, ती लवकर दांडा धरून फुलावर येते. जुडी बांधण्याजोगी राहिली नाही, की अम्मा तो वाफा धण्यासाठी सोडून द्यायची. कांद्याची पात पडली की पाणी तोडायचं, कांदा उपटायचा आणि ओळीनं असा पसरायचा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. म्हणजे तो उन्हानं पोळत नाही. हे काम मला आवडायचं, कारण ते बसून करता यायचं.

घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. पेरणी-लावणी मराठी महिन्यांवर आणि नक्षत्रांवर. रोजे आणि ईद हिजरी महिन्यांवर. मराठी महिने अधिक मास घेऊन ऋतूंशी जुळवून घेतात. हिजरी सालात ती सोय नाही. ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. अब्बा म्हणायचे, "पीक जागचं हलत नाही, रमजान फिरस्ता आहे." 1990 साली हा फिरस्ता नेमका गुढीपाडव्यापाठोपाठ आमच्या दारात आला.

मी तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा तोंडावर होती. पाडव्याच्या सकाळी अब्बांनी नेहमीप्रमाणे विहिरीच्या पायऱ्या मोजल्या. एकोणीस उघड्या होत्या. एरवी एवढ्या पायऱ्या उघड्या पडायला चैत्र संपावा लागे. मोटार तासभर चालली की फुटव्हॉल्व्ह उघडा पडायचा आणि मग पुन्हा पाणी साचायची वाट बघत बसायचं.

मळ्यात त्या वर्षी पाणी मागणाऱ्या दोन गोष्टी होत्या. आठ गुंठे काकडी, नुकती तोड्याला आलेली. आणि पाच गुंठ्यांत कांद्याचे डेंगळे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बियाण्यासाठी निवडून ठेवलेले कांदे दिवाळीच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना उंच दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, त्याच डेंगळ्यात काळं बी भरतं. फुलं असेपर्यंत अब्बा त्या बाजूला औषधाचा पंप फिरकू देत नसत. मधमाश्या आल्या नाहीत तर बी भरणार कसं? आणि हे बी ठेवणीतलं नाही. जेमतेम वर्षभर त्याची उगवण चांगली राहते. दोन-तीन सालं चुकली, की घरचा वाण गेलाच.

काकडी म्हणजे रोख पैसा. रमजानात संध्याकाळी रोजा सोडताना ताटात काकडी, कलिंगड लागतंच. बाजारात मागणी होती. आणि तो पैसा माझ्या नावचा होता. त्यावर मी कोल्हापूरला जाऊन एम. ए. करायचं, हे घरात ठरलेलं होतं.

तिसऱ्या रोज्याची रात्र असावी. वीज रात्रीची होती. मोटारीच्या खोपटात कंदिलाशी मी पुस्तक घेऊन बसलो होतो. अब्बा दारं मोडून आले, हात धुतले आणि बोटांवर हिशेब करू लागले.

"काकडीला आता तिसऱ्या दिवशी पाणी पाहिजे. ईदेपर्यंत नऊ वेळा. डेंगळ्याला दोनदा दिलं तरी बी भरेल. सगळ्या मळ्याला मिळून विहीर मला सहा-सात पाळ्यांपुढं काही दिसत नाही."

"मग काकडीला सहा देऊ," मी म्हणालो.

"सहा दिल्या तर सातव्याला ती ताणावर येईल, कडू होईल. कडू काकडी पाटीत भरायची आणि रोज्याच्या तोंडानं गोड म्हणून विकायची?"

मी गप्प बसलो. तेवढ्यात अम्मानं सहेरीला हाक मारली.

सकाळी अब्बांनी काकडीकडं जाणारं दारं चिखलानं लिंपून बंद केलं. नंतर खोऱ्याच्या पाठीनं थापटलं, जसं एरवी थापटायचे तसंच. आठवड्याभरात दुपारी माना टाकलेले वेल संध्याकाळीही वर उठेनात. मग अब्बांनी त्यात शेळ्या सोडल्या. उरलं पाणी गवारीला, वांग्याला आणि डेंगळ्यांना. दोन्ही पाण्यांना विहीर अपुरी पडली, तेव्हा तात्यांनी आपल्या दोन रात्री आम्हाला दिल्या. त्यांच्या कडवळाला पाणी कमी पडत असताना दिल्या. बी निघालं वीसेक किलो. त्यातलं पहिलं माप अब्बांनी तात्यांच्या घरी पोचवलं. काही घरी ठेवलं, बाकीचं गावात उधारीवर गेलं आणि पुढच्या वर्षभर थोडं थोडं वसूल होत राहिलं.

मी पास झालो आणि एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो. नावापुढं बी. ए. आहे, ते तिथंच थांबलं. अब्बांचा हिशेब बरोबर होता, हे मला त्या रात्रीही कळत होतं. तरी पुष्कळ वर्षं मी त्यांच्याशी पोटभर बोललो नाही. हिशेब बरोबर असला म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे?

2023 साली 22 मार्चला पाडवा आला आणि 24 मार्चला पहिला रोजा. फिरस्ता पुन्हा त्याच दारात! अब्बा तेव्हा नव्हते. मळा धाकटा भाऊ करतो. आता बोअर आहे, ठिबक आहे, काकडीच्या गादीवाफ्यावर प्लास्टिकचा कागद आहे. पण बोअरही उन्हाळ्यात दम टाकतं. त्यात मार्चच्या मध्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. आमच्या मळ्यातले अर्धे डेंगळे आडवे झाले. उरलेल्यांवर करपा आला.

भावाचा फोन आला. "उरलेल्या डेंगळ्याला औषध-पाणी करत बसू, की सगळं काकडीला देऊ?"

मी म्हणालो, "अब्बांनी काय केलं असतं?"

तो म्हणाला, "भाई, अब्बांपुढं विहिरीच्या पायऱ्या होत्या. माझ्यापुढं पोरीच्या नर्सिंगच्या फीची तारीख आहे."

त्यानं डेंगळ्यांच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला. काकडी रमजानभर चालली, गोड निघाली. पुतणीची फी वेळेवर भरली. पण घरचं बी त्या वर्षी संपलं. तेव्हापासून भाऊ कांद्याचं बी दुकानातून पुडीत विकत आणतो, दर ऐकून हळहळतो.

दोघांपैकी कोण बरोबर, असं मला लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. लहान मळ्यात चैत्र म्हणजे काय फुललं हे बघायचा महिना नाही. कुठलं दारं बंद करायचं, हे ठरवायचा महिना आहे. आणि त्या दाऱ्यापलीकडं प्रत्येक वेळी घरातलं कुणीतरी उभं असतं. 1990 साली मी उभा होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या अब्बांचा वाण गेला म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. तात्यांच्या नातवाकडे तो अजून आहे. त्या वर्षीच्या पहिल्या मापापासून त्यांनी तो दरसाल धरून ठेवला. मागितलं तर आनंदानं देतील. भावानं अजून मागितलेलं नाही. ज्या घरातून बी जायचं, त्या घराला मागायला जायचा रस्ता लांबचा वाटतो. यंदा दिवाळीच्या आधी मीच जाऊन यावं म्हणतो.