हरवलेली नाडी



माणूस चालताबोलता आहे आणि मनगटाला नाडी मात्र लागत नाही, असेही क्वचित घडते. १९०८ साली जपानातील नेत्रवैद्य मिकितो ताकायासु यांनी एका सभेत सांगितले की, एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विलक्षण गुंफण झाली आहे. तेव्हा दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी आपलेही तसेच रुग्ण सांगितले. त्यांची नाडी लागत नव्हती! पुढे या रोगाला ताकायासु यांचे नाव मिळाले.

यात घडते ते असे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणाच महारोहिणीवर आणि तिच्या मोठ्या शाखांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. भिंती सुजून जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. बहुधा चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना हा रोग गाठतो. आरंभी बारीक ताप, थकवा; मग काम करताना हात भरून येतो, चक्कर येते.

खरी फसगत पुढेच आहे. वाट अरुंद झालेल्या हातावर रक्तदाब कमी भरतो. प्रत्यक्षात मूत्रपिंडाची रोहिणी आवळल्यामुळे तो फार वाढलेला असू शकतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. तरुण मुलीच्या अशा तक्रारी ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही हातांची नाडी आणि रक्तदाब पाहावयास सांगा. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे यांनी दाह आटोक्यात आणता येतो. ती आपल्या मनाने थांबवू नयेत. वेळीच ओळख पटली, तर डोळे, मेंदू आणि हृदय पुष्कळदा वाचवता येतात.