हुन्नर जातीचा नव्हे, शिकणाऱ्याचा

(पिंपळगाव रेणुकाई येथील बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)

धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांत आज बुद्धवंदना होते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु दहावीत अडखळलेला आपला मुलगा पुढे काय करणार, असे विचारले म्हणजे "मिळेल ती मजुरी" हे उत्तर अनेक घरांतून येते. या उत्तरात जुन्या गुलामगिरीचा अवशेष आहे. त्याविषयीच मी आज आपणांशी बोलणार आहे.

आपले पूर्वज आळशी नव्हते. त्यांना हुन्नराच्या दारातच अडविण्यात आले. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्यात मजुरी अधिक मिळे; पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त सांगून अस्पृश्य कामगारांस ते खाते बंद ठेवले गेले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय वेशीवर टांगला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात, सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांस शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली. उच्च शिक्षणाबरोबर यंत्रविद्येचेही मोल त्यांनी जाणले होते.

आज ती दारे कायद्याने मोकळी आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एक वा दोन वर्षांत धंदेशिक्षण मिळते. काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण असणेही पुरते. ज्यांना तेवढा अवधी नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयांतून व कौशल्य केंद्रांतून काही महिन्यांचे अभ्यासक्रम चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचा प्रारंभ झाला.

आपल्या गावचा मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या मिरचीमागे ठिबकच्या नळ्या आहेत, विहिरीवरची मोटार आहे, फवारणीचा पंप आहे, माल नेणारी वाहने आहेत. ऐन हंगामात मोटार जळली की शेतकरी कारागिराच्या शोधात धावतो. तिकडे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांस फिटर, वेल्डर, वीजतंत्री लागतात. मिरची तोडणारे हात आपले आहेत. मग मोटार दुरुस्त करणारे हात आपले का नसावेत?

मात्र डोळे उघडे ठेवून शिका. प्रवेश घेण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देणार आणि ते शासनमान्य आहे काय, हे विचारा. कर्मशाळेत जाऊन यंत्रे स्वतः पाहा. केवळ फळ्यावर शिकविलेले वेल्डिंग पोट भरीत नाही. अल्पमुदतीचे शिक्षण हे शाळा सोडण्याचे निमित्त होऊ देऊ नका. ज्याला पुढे शिकता येते, त्याने शिकलेच पाहिजे.

धर्मांतर केल्याने सवलती जातील, अशी भीती कोणी घातल्यास घाबरू नका. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा हक्क १९९० च्या कायद्याने देशभर मान्य झाला आहे. दाखल्याचे कागद आधीच सिद्ध ठेवा. प्रवेशाच्या ऐन दिवशी धावपळ नको.

मातांनो, आपल्या मुलींना शिवणयंत्रापुरते बांधू नका. संगणक, वीजकाम, यंत्रदुरुस्ती यांतही त्यांचा तितकाच अधिकार आहे. मुलाच्या शुल्कासाठी पैसा उभा राहतो आणि मुलीच्या वेळी तो आटतो, हा समतेचा धम्म नव्हे.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. जातिव्यवस्था जन्मापूर्वीच माणसाचा धंदा ठरविते. धम्म त्याला विवेकाने तो निवडावयास सांगतो. म्हणून लादलेले काम टाकून देणे एवढ्यावर थांबू नका. आपण निवडलेले, कोणाचेही अहित न करणारे काम उत्तम रीतीने शिका आणि त्याचा योग्य मोबदला ताठ मानेने मागा. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या मुलामुलींपैकी कोण काय शिकणार, हे ठरवून यावे, एवढीच माझी विनंती आहे.

जय भीम!