टोपीवरचा बिल्ला



नाण्यांचा अथवा टपाल तिकिटांचा संग्रह सर्वांच्या परिचयाचा असतो. सैनिकाच्या टोपीवरील पितळी बिल्ल्यांचा संग्रह त्या मानाने अपरिचित आणि त्यातही कॅनडाच्या सैन्याचे बिल्ले म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीची कसोटीच.

पहिल्या महायुद्धात कॅनडाने परदेशी लढण्यासाठी जे दल उभारले, त्यातील पायदळी पलटणींचे क्रमांक २६० पर्यंत गेले. मेपलचे पान, मुकुट आणि आपला आकडा अशा घाटाचे बिल्ले पुष्कळ पलटणींनी करविले. आघाडीवरील चार डिव्हिजनांत मात्र एका वेळी ४८ पलटणींनाच जागा होती. उरलेल्यांपैकी बहुतेक इंग्लंडात मोडल्या गेल्या आणि त्यांतील माणसे अन्यत्र वाटली गेली. पलटण गेली, बिल्ला उरला.

तोही एकच नव्हे. विनिपेगच्या डिंगवॉलने घडविलेला बिल्ला निराळा आणि त्याच पलटणीने इंग्लंडात उतरल्यावर बर्मिंगहॅमच्या टिपटाफ्टकडून करविलेला निराळा. पानाच्या शिरा, आकड्याचे वळण, मागच्या कड्या, कारागिराची मुद्रा यांवरून जाणकार हा भेद ओळखतो. मुकुटही बोलका असतो. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील मुकुटाच्या कमानी वर गोलाकार जातात. १९५२ साली एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर रूढ झालेल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या दिसतात. १९१६ च्या म्हणून दाखविलेल्या बिल्ल्यावर असा मुकुट असेल, तर तो त्या युद्धातला नव्हे, हे निश्चित. समई चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या घरांना एक सूचना करावीशी वाटते: जुना बिल्ला घासू नये. घासल्याने बारीक रेषा झिजतात, आणि खऱ्याला खोट्यापासून वेगळे करणारा पुरावाच त्या रेषांत असतो.

तरीही बिल्ला सर्व काही सांगत नाही. पंजाबातील माहिलपूरचे बक्कम सिंग १९१५ मध्ये ओंटारिओत ५९व्या पलटणीत भरती झाले. लढले मात्र २०व्या पलटणीतून. १९१६ मध्ये ते दोनदा जखमी झाले आणि १९१९ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. नुसता ५९ आकड्याचा बिल्ला हाती आला असता, तर त्यांची लढाई कुणाला उमगली नसती. बिल्ल्यावर नाव नसते. पदकाच्या कडेवर ते उमटविलेले असते. इंग्लंडातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांचे विजयपदक एका संग्राहकाच्या नजरेस पडले, आणि त्या कडेवरील अक्षरांचा माग काढीत शोध किचनर येथील त्यांच्या विस्मृत थडग्यापर्यंत पोहोचला. आता दर नोव्हेंबरात तेथे माणसे अभिवादनासाठी जमतात.