अपुऱ्या खेळाचा सौदा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या असतील. वेदान्त, शेतीचे अर्थकारण, संतवाङ्मय यांच्या पंगतीत व्हिडिओ गेमला पान कशासाठी वाढले, असे त्यांना वाटले तर ते रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा विषय वरवर खेळाचा दिसला तरी मुळात तो सौद्याचा आहे. जी वस्तू अजून पुरी झालेली नाही तिचे पैसे आज मोजावेत काय, आणि मोजायचे तर कशाच्या भरवशावर, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे संत्र्याची बाग फळ तोडणीला येण्याआधीच व्यापाऱ्याला दिली जाते. शहाणा व्यापारी काय करतो? तो बागेत फिरतो, झाडे मोजतो, फळाचा अंदाज घेतो, विहिरीच्या पाण्याची चौकशी करतो आणि मगच इसार देतो. अपुऱ्या वस्तूचा सौदा कसा करावा याची रीत आपल्या बांधावरच आहे. ती मुलांच्या संगणकापर्यंत कशी न्यावी, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम हा व्यवहार समजून घेऊ. संगणकावरील खेळ विकणारे स्टीम नावाचे एक मोठे दुकान इंटरनेटवर आहे. तेथे 2013 च्या मार्चपासून ‘अर्ली ॲक्सेस’ नावाचा एक विभाग सुरू झाला. खेळ अर्धामुर्धा तयार असतानाच कर्त्याने तो विक्रीला ठेवावा, घेणाऱ्याने तो खेळून चुका दाखवाव्यात, आणि आलेल्या पैशांतून कर्त्याने काम पुढे न्यावे, अशी ही योजना. कर्त्याला पगारापुरता पैसा मिळतो आणि हजारो परीक्षकही मिळतात. ग्राहकाला खेळ लवकर मिळतो, पुष्कळदा कमी किमतीतही मिळतो. मात्र खेळ पुरा होईलच, अशी हमी कोणीही देत नाही. खुद्द दुकानदारच अशा प्रत्येक खेळाच्या पानावर बजावतो, की आज आहे त्या अवस्थेत खेळण्याची उत्सुकता नसेल तर थांबावे. गिऱ्हाइकाला थांबायला सांगणारा दुकानदार विरळा! त्याचे ऐकावे हे बरे.

या व्यवहाराची बरी बाजू आधी सांगतो. ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ स्वीडनमधील एका प्रोग्रॅमरने 2009 साली अपुरा असतानाच विकायला काढला. तो नोव्हेंबर 2011 मध्ये पूर्ण झाला, आणि 2014 साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 250 कोटी डॉलरला विकत घेतली. बेल्जियममधील लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट 3’ ऑक्टोबर 2020 मध्ये अपुरा आला. त्याचा फक्त पहिला अंक खेळता येत होता आणि किंमत मात्र पुरी होती. ऑगस्ट 2023 मध्ये तो पूर्ण झाला आणि जगभर नावाजला गेला. ज्यांनी विश्वास टाकला त्यांचा विश्वास येथे फळाला आला.

आता दुसरी बाजू. ‘द डे बिफोर’ या खेळाची वाट पाहणाऱ्यांची यादी एके काळी स्टीमवर सर्वांत मोठी होती. तो 7 डिसेंबर 2023 रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि चारच दिवसांनी त्याच्या कर्त्या कंपनीने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले. पैसे परत मिळाले हे ग्राहकांचे नशीब. दुसरे उदाहरण ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2’ याचे. फेब्रुवारी 2023 मध्ये तो सुमारे 50 डॉलरला विक्रीस आला. अवकाशात वसाहती, दूरच्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, अशा टप्प्याटप्प्याने येणाऱ्या गोष्टींचा सुंदर तक्ता त्याबरोबर प्रसिद्ध झाला होता. पाठीशी प्रकाशकही मोठा होता. परंतु 2024 साली तो खेळ घडवणारी कार्यशाळाच बंद पडली, आणि तक्त्यातील या तिन्ही गोष्टी आल्याच नाहीत. मोठे नाव आणि मोठी गर्दी या दोन्ही गोष्टी खेळ पुरा करीत नाहीत, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

हा तक्ता म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात फोड करून सांगण्याची गरज नाही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला लांबलांबून माणसे येतात. कोणी श्रद्धेने ऐकतो, कोणी कुतूहलाने. पण भाकीत कितीही चांगले निघाले तरी जाणता शेतकरी त्या दिवशी पेरणी करीत नाही. मृगाचा पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल गेली, की मगच तो तिफण बाहेर काढतो, कारण दुबार पेरणीचा खर्च भाकीत भरून देत नाही. खेळाच्या कर्त्याने दिलेला तक्ताही असाच ऐकावा. ऐकायला हरकत नाही; पैसा मात्र ओल पाहून टाकावा.

मग ओल पाहायची कशी? मी चार खुणा सांगतो. पहिली खूण आजच्या वस्तूची. यापुढे या खेळात एकही भर पडली नाही, तरी आज दिलेले पैसे वसूल झाले असे वाटेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर सौदा बुडीत जाण्याची भीती उरत नाही. दुसरी खूण मागच्या नोंदीची. गेल्या वर्षभरात खेळात सुधारणा किती वेळा झाल्या, हे तारखांसह पाहता येते. 2025 पासून तर स्टीमच अशी सूचना लावते, की या खेळात वर्षाहून अधिक काळ काही बदल झालेला नाही. तिसरी खूण कर्त्याच्या आवाक्याची. त्याने यापूर्वी एखादे काम तडीस नेले आहे काय, आणि त्याने घेतलेला वसा त्याच्या मनुष्यबळाला पेलणारा आहे काय? चौथी खूण शेजाऱ्यांच्या मताची. परंतु ते मत ताजे असावे. दोन वर्षांपूर्वीच्या उत्साहात लिहिलेली स्तुती आजची साक्ष होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट मी तरुण मित्रांना मुद्दाम सांगतो. संत्र्याच्या व्यापाऱ्याला घाई करावी लागते, कारण बाग एकच असते आणि घेणारे दहा. संगणकावरच्या खेळाचे तसे नाही. त्याच्या प्रती संपत नाहीत. सहा महिने थांबल्याने फार तर थोडी किंमत वाढेल, पण हाती येणारी वस्तू पुरी असेल. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करते. ही सवलत मोलाची खरी, पण अपुरा खेळ पुढे वर्षभराने सोडून दिला गेला तर ती उपयोगी पडत नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणाऱ्यासाठी 2016 चा कायदा आहे. त्यानुसार बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. अपुऱ्या खेळाच्या पैशाला असे वेगळे खाते नाही. जेथे कायद्याचे कुंपण नाही तेथे राखण आपली आपणच करावी लागते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, की मग अपुऱ्या वस्तूला हातच लावू नये. तसा निकाल देणे सोपे आहे, पण तो न्याय्य नाही. आपल्या पुण्याचेच उदाहरण पाहा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने प्राचीन भारताच्या वातावरणात, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या राजी नावाच्या मुलीचा खेळ रचायला घेतला. 2017 साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ मदत मागितली. तेथे ठरलेली रक्कम जमली नाही तर कोणाचेच पैसे घेतले जात नाहीत. रक्कम जमली नाही. तेव्हा संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले, आणि ऑगस्ट 2020 मध्ये ‘राजी’ पुरा होऊन जगापुढे आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. पारितोषिक मात्र ‘फास्मोफोबिया’ला मिळाले, आणि तो खेळ त्या वेळी अर्ली ॲक्सेसमध्येच, म्हणजे अपुराच होता! एकाला लोकांनी अपुरा असताना जवळ केले, दुसऱ्याला पुरा होण्यासाठी घर विकावे लागले. लोकांनी विश्वास टाकला नाही, तर त्याचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ती अशी.

मराठी माणसाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्धीस नेले ते राजाश्रयावर नव्हे. त्यासाठी त्यांनी मंडळी स्थापून भागभांडवल उभारले आणि ग्राहक मिळवत गावोगाव हिंडले. कोश हाती येण्याआधी ज्यांनी पैसे गुंतवले, त्यांनी केवळ पुस्तक घेतले नाही. एका कामाला हातभार लावला.

म्हणून माझे म्हणणे असे, की खरेदी आणि आश्रय या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात. खरेदी करायची तर आज हातात येणाऱ्या वस्तूचीच करावी, पुढच्या वचनांची करू नये. आणि एखाद्या कर्त्याचे काम व्हावे असे मनापासून वाटत असेल, तर पैसे बुडाले तरी घरात अडचण होणार नाही एवढीच रक्कम, आश्रय म्हणून, उघड्या डोळ्यांनी द्यावी. मग काम पुरे झाले तर आनंद आहे, आणि न झाले तर फसवणुकीची कडवट चव जिभेवर राहत नाही. घरातल्या मुलाने असा खेळ मागितला, तर त्याच्यावर रागावण्याआधी वडिलांनी त्याच्या शेजारी बसून या चार खुणा एकदा पाहाव्यात. बाग पाहून सौदा करण्याची घरातली जुनी विद्या त्या निमित्ताने पुढच्या पिढीच्या हाती जाईल.