भांगेला परवाना मिळाला, मंडुव्याचं काय?

मी शेतीतज्ज्ञ नाही, फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण माझ्या तुकडीत कुमाऊं-गढवालचे जवान बरेच होते. सुट्टीहून परतताना त्यांच्या ट्रंकेत दोन गोष्टी हमखास असत: मंडुव्याचं पीठ, म्हणजे आपली नाचणी, आणि चटणीसाठी भांगेचं बी. म्हणून भांगेची शेती कायदेशीर झाल्यावर जुन्या पिकांचं काय होणार, हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

आधी कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. बी आणि शेंड्याशिवायची पानं येत नाहीत. झाड मात्र परवानगीशिवाय लावता येत नाही. वाख आणि बी यांसाठी लागवडीला मुभा देण्याची सोय कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती वापरली. मुख्य अट अशी की, नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं.

गोम इथेच आहे. भांगेचे पराग वाऱ्याने पसरतात. हिमालयात ती रानोमाळ उगवते आणि त्या रानटी झाडांत टीएचसी बरंच जास्त असतं. ते पराग शेतात आले की घरचं बी पुढच्या वर्षी भरवशाचं राहत नाही. मग बी दरवर्षी विकत घ्या, आणि मर्यादा ओलांडली तर उभं पीक गमवा.

उलट पहाडातली ‘बारहनाजा’ पद्धत पाहा. मंडुवा, राजगिरा, राजमा, गहत म्हणजे कुळीथ, अशी डझनभर पिकं एकाच शेतात. पावसाने एक मारलं तर दुसरं हाती लागतं. बी घरचं, चारा गुरांना, कडधान्यांमुळे जमिनीला नत्र. फौजी भाषेत सांगतो: रसदीचा एकच रस्ता ठेवला, तर पहिल्याच दरडीत पलटण उपाशी राहते.

मग भांग नकोच का? तसं मी म्हणत नाही. पहाडातली गावं ओस पडताहेत. माकडं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत. भांगेला ती फारसं तोंड लावत नाहीत, असं शेतकरी सांगतात. रोख पैसा हवाच. पण अमेरिकेने २०१८ मध्ये हेम्प खुलं केलं, पुढच्याच वर्षी लागवड भरमसाट वाढली आणि भाव कोसळले. थायलंडने २०२२ मध्ये गांजाच खुला केला आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. भाव बदलतो, तसं धोरणही बदलतं. आणि उसाने ज्वारी-बाजरीची किती रानं घेतली, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं. भांग पडीक जमिनीवर लावा, मंडुव्याच्या शेतात नाही. खरेदीचा करार पेरणीआधी आणि लेखी करा. चाचणीत पीक बाद झालं तर नुकसान कोणाचं, हेही त्यात लिहून घ्या. आणि वाख काढायची सोय जवळपास आहे का, ते आधी पाहा. कारण खोडं पहाडातून खाली वाहून नेण्यातच नफा संपतो.

परवान्याचा अर्ज भरण्याआधी घरात एवढंच विचारा: यंदा भाव पडला, तर कणगीत खायला काय आहे? उत्तर असेल, तर खुशाल भांग लावा.

जय हिंद.