सोमवारची पाटी



तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईला गेलात. मी घाट उतरून फर्दापूरपर्यंतच पोचलो. वडिलांनी दोन एकर विकून रस्त्याकडेला सहा खोल्यांचा लॉज काढला. धंदा घरात कुणालाच येत नव्हता. आई चादरी धुवायची. परदेशी पाहुण्यांचा सी-फॉर्म २४ तासांत भरायचा, हे मी शिकलो.

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री उतरणाऱ्यांना आम्ही ते सांगत नव्हतो; एक मुक्काम वाढायचा. एकदा एका वृद्ध जोडप्याची सोमवारी रात्रीच जळगावहून गाडी होती. लेणी न पाहताच ते गेले. आईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणाली, "लांबून आलेल्या माणसाला फसवलेला पैसा पचत नाही."

दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली: 'अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.' फोनवरही आधी तेच सांगू लागलो. काही गिऱ्हाईक तुटलं. पण २०२० च्या टाळेबंदीत खोल्या ओस पडल्या, तेव्हा जुन्या पाहुण्यांनीच फोन करून धीर दिला. लेणी उघडल्यावर ते आलेही.

मित्रांनो, तुम्हीही या. फक्त सोमवार टाळा.