रॉकाबिलीचें ऋण



आज ज्या संगीताविषयीं बोलावयाचें आहे त्याचें नांव ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. मीही ख्याल-ठुमरीच्या संस्कारांत वाढलेला मनुष्य. हें असलें पाश्चात्य गाणें म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी माझीही समजूत होती. परंतु मुंबईच्या चोरबाजारांत जुन्या तबकड्या चाळतांना एल्व्हिस प्रेस्ली याची एक तबकडी हातीं लागली. घरीं आणून लावली, आणि तिच्यावरील एका गाण्यानें माझी ती समजूत डळमळली. गाणें जेमतेम दोन मिनिटांचें. त्यांत ढोल नाहीं, वाद्यवृंद नाहीं. दोन गिटारी, एक उभें बास आणि एकोणीस वर्षांच्या तरुणाचा गळा. तरीही पाय आपोआप ठेका धरूं लागला. हें कसें साधलें असावें, याचा शोध घेतां घेतां जें हातीं आलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

'रॉकाबिली' हा जोडशब्द आहे. त्यांतला 'रॉक' आपल्या परिचयाचा आहे. उरलेला अर्धा भाग 'हिलबिली' या शब्दाचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांतल्या गोऱ्या खेडुतांना शहरी लोक हेटाळणीनें हिलबिली म्हणत, आणि त्यांच्या गाण्यालाही तेंच नांव चिकटलें होतें. त्याच दक्षिणेंत कृष्णवर्णीय शेतमजुरांचें 'ब्लूज' हें गाणेंही वाढत होतें. कापसाचीं शेतें तींच, ऊन तेंच, दारिद्र्यही बहुतेक तेंच. पण शाळा आणि उपाहारगृहें यांप्रमाणें तबकड्यांच्या याद्याही वर्णानुसार निरनिराळ्या ठेवलेल्या असत.

टेनेसी संस्थानांतील मेंफिस शहरीं, युनियन अव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या लहानशा जागेंत, सॅम फिलिप्स नांवाच्या गृहस्थानें १९५० सालीं ध्वनिमुद्रणालय उघडलें. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ यांसारखे कृष्णवर्णीय गायक तेथें गाऊन गेले. १९५३ सालीं पदरचे पैसे देऊन स्वतःची तबकडी करून घेण्यासाठीं प्रेस्लीही तेथें आला. पुढल्या वर्षीं, ५ जुलै १९५४ रोजीं, फिलिप्सनें त्याला स्कॉटी मूर हा गिटारवादक आणि बिल ब्लॅक हा बासवादक यांच्यासह बोलाविलें. संथ गाणीं गाऊन पाहिलीं, एकही रंगेना. मग विश्रांतीच्या वेळीं प्रेस्लीनें सहज थट्टेनें एक जुनें ब्लूज गाणें उचललें, दुसरे दोघे त्यांत सामील झाले, आणि फिलिप्सनें तें पुन्हां पहिल्यापासून म्हणावयास सांगितलें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविल्याला त्या दिवशीं बरोबर सात आठवडे झाले होते!

ढोलावांचून ताल कसा उभा राहिला, याचें उत्तर बिल ब्लॅकच्या बोटांत आहे. बासची तार ओढून सोडली कीं ती लाकडी पट्टीवर आदळे. तींतून स्वरही निघे आणि टाळीसारखा आघातही. आपलें तुणतुणें जसें सूर आणि लय अशीं दोन्ही कामें साधतें, तसेंच हें. दुसरी करामत फिलिप्सची. ध्वनिफितीचीं दोन यंत्रें जोडून तो मूळ आवाजामागोमाग, क्षणाच्या अल्पशा अंशानें, त्याचा प्रतिध्वनि उमटवीत असे. त्यामुळें तीनच माणसांचें गाणें भरदार वाटे. साधनें तुटपुंजीं होतीं म्हणूनच ही युक्ति सुचली, असें मला वाटतें.

त्या तबकडीच्या एका बाजूला आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचें 'दॅट्स ऑल राइट' होतें. दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या गायकाचें 'ब्लू मून ऑफ केंटकी' हें तीन मात्रांचें संथ गाणें, चार मात्रांच्या धांवत्या लयींत बसविलेलें. कायद्यानें आणि रूढीनें ज्यांना एका बाकावर बसूं दिलें नाहीं, तीं दोन घराणीं एकाच तबकडीच्या पाठीला पाठ लावून बसलीं!

पुढला इतिहास थोडक्यांत सांगतों. १९५५ च्या अखेरीस प्रेस्लीचा करार ३५,००० डॉलरांस एका मोठ्या कंपनीकडे गेला. कार्ल पर्किन्स या खंडकरी शेतकऱ्याच्या मुलानें १९५६ सालीं 'ब्लू स्वेड शूज' हें स्वतः रचलेलें गाणें गाजविलें. त्यानें गिटारीचे पहिले धडे घेतले होते ते कापूस वेंचतांना भेटलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय मजुराकडून. १९५८ सालीं प्रेस्ली सैन्यांत गेला, १९५९ सालीं बडी हॉली विमान-अपघातांत वारला, १९६० सालीं एडी कॉक्रन इंग्लंडांत मोटार-अपघातांत गेला. लाट ओसरली, असें दिसूं लागलें. परंतु ६ जुलै १९५७ रोजीं लिव्हरपूलच्या एका चर्चच्या जत्रेंत पॉल मॅकार्टनीनें जॉन लेननला प्रथम गाऊन दाखविलें, त्यांत एक गाणें कॉक्रनचें होतें. आणि १९६४ सालीं बीटल्सनीं पर्किन्सचीं तीन गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. १९८० सालीं न्यूयॉर्ककडील तीन तरुण 'स्ट्रे कॅट्स' या नांवानें लंडनला गेले आणि तेंच उभें बास, तोच प्रतिध्वनि नव्या पिढीपुढें घेऊन उभे राहिले.

आतां ज्याच्या गाण्यापासून हें सारें सुरू झालें त्या क्रडपकडे वळूं. त्याची मूळ तबकडी १९४६ सालची. प्रेस्लीनें १९५६ सालीं एका मुलाखतींत क्रडपविषयीं आदर मोकळेपणानें व्यक्त केला होता. परंतु गाणें जगभर हिंडत असतांना त्याचा कर्ता मात्र शेतमजुरी करून पोट भरीत होता. मानधनासाठीं त्यानें दाद मागितली. पण १९७४ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याच्या हक्काचें द्रव्य बहुतांशीं त्याच्या हातीं पडलें नव्हतें.

आपल्याकडे गवई गाण्यापूर्वीं गुरूचें नांव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो. ती रीत येथेंही पाळावी, असें मला वाटतें. मीं प्रेस्लीचें गाणें प्रथम ऐकलें आणि क्रडपचें नंतर. आपण तो क्रम उलटा करावा. आधीं क्रडप ऐकावा, मग मन्रो, आणि मग मेंफिसचे ते तिघे. त्या दोन मिनिटांत किती जणांचा आवाज मिसळलेला आहे, तें मग आपल्याला निराळें सांगावें लागणार नाहीं.